शॉकअपच्या खोक्यावरचे विज्ञान

या पानांवर परीक्षण येते ते बहुधा पुस्तकांचे. या वेळी आम्ही परीक्षणाला घेतली आहेत पुठ्ठ्याची तीन खोकी. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत मोटारींच्या सुट्या भागांचे एक दुकान आहे. नवरात्रात नाक्यावर मंडप पडला की तिथे पोहोचायला मोठा वळसा घालावा लागतो. एरवी चालत दोन मिनिटे. त्या दुकानाच्या काउंटरवर ही खोकी आम्ही उलटसुलट करून वाचली. एकात स्प्रिंगा, दुसऱ्यात शॉक ॲब्झॉर्बर (गॅरेजच्या मराठीत शॉकअप) आणि तिसऱ्यात रबरी बुश. मजकूर जेमतेम दहा-बारा ओळींचा, पण आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण अठरा वर्षांचे झाल्यावर यंत्रशास्त्राचे म्हणून जे काही स्वतः होऊन वाचतील, ते अशाच खोक्यांवरचे असेल. म्हणून त्याचे परीक्षण गंभीरपणे करायला हवे असे आम्हाला वाटते. उत्पादकांची नावे देत नाही. दोष एकाचा नाही.

आधी हे वाचन करण्याची पाळी का आली ते सांगतो. आमच्या भाच्याकडे २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी आहे. पोलो पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत तयार होत होती. १.२ लिटरचे टर्बो इंजिन असलेला तिचा १०५ अश्वशक्तीचा प्रकार २०१३ मध्ये आला. गाडीचे वजन अकराशे किलोच्या आसपास, त्यामुळे ही गाडी वेगाची हौस असणाऱ्या तरुणांची लाडकी झाली. उत्पादन थांबल्यावर त्यांचे प्रेम आणखी वाढले आणि त्याबरोबर ‘कोणता भाग बसवावा’ ही चर्चाही. भाच्याने एका गॅरेजच्या सल्ल्यावरून गाडीच्या चारही स्प्रिंगा बदलल्या. नव्या स्प्रिंगा आखूड आणि कडक. शॉकअप मात्र साठ हजार किलोमीटर चाललेले, जुनेच ठेवले. "मामा, शॉकअपला तेल लागलेलं नाही, मग बदलायचे कशाला?" हा त्याचा प्रश्न. प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर मिळाले. सिग्नलच्या अलीकडे रस्त्यावर आडव्या जाड पट्ट्या मारलेल्या होत्या. त्यांवर ब्रेक दाबताच चाके थडथडली, पायाखाली ब्रेकचे पेडल थरथरले आणि गाडी थांबेनाशी झाली. पुढच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर ती थांबली. रिक्षात दोन शाळकरी मुले होती. दुसऱ्या दिवशी ब्रेक तपासून घेतले. ब्रेकमध्ये काहीही बिघाड नव्हता.

आता पहिले खोके. स्प्रिंगांच्या खोक्यावर तीन विधाने आहेत. स्प्रिंग मूळ स्प्रिंगेपेक्षा ३० टक्के कडक आहे. गाडी ३५ मिलिमीटर खाली बसते. आणि वळणावर ‘वजन बाहेर जात नाही’. पहिल्या दोन विधानांत निदान आकडे आहेत, म्हणून हे खोके तिघांत अधिक प्रामाणिक म्हणायचे.

३० टक्के कडक म्हणजे नेमके किती? पुढच्या एका चाकावर गाडीचा सुमारे ३०० किलोचा भार स्प्रिंगेवर तोललेला असतो असे धरू. चाकाजवळ मोजलेला स्प्रिंगेचा कडकपणा दर मीटरला २०,००० न्यूटन धरू. (हे आकडे अशा गाड्यांना साधारण लागू पडणारे आहेत, पोलोच्या कारखान्याचे नव्हेत.) ३०० किलोचे वजन सुमारे २,९४० न्यूटन. भागाकार केला की स्प्रिंग १४.७ सेंटिमीटर दबते. इथे एक सुंदर गोष्ट आहे आणि ती वर्गात क्वचितच सांगितली जाते. स्प्रिंगेवर तोललेल्या वस्तूचा आवर्तकाल काढायला ना वस्तुमान लागते ना स्प्रिंगेचा कडकपणा. ती स्थिर असताना स्प्रिंग किती दबली एवढे कळले की पुरे. तेवढ्या लांबीच्या लंबकाचा जो आवर्तकाल, तोच या दोलनाचा! म्हणजे ही गाडी १४.७ सेंटिमीटरच्या लंबकासारखी झुलते. घाईत हिशेब करायचा तर पाचला सेंटिमीटरमधल्या दबण्याच्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे सेकंदाला होणारी दोलने मिळतात. इथे उत्तर येते १.३ हर्ट्झ. सर्वसाधारण मोटारी १ ते १.५ हर्ट्झच्या पट्ट्यात बसतात आणि शर्यतीचा बाज असलेल्या त्याच्या वर जातात.

स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर वारंवारता किती वाढेल? ३० टक्के नव्हे. १.३ चे वर्गमूळ १.१४, म्हणून वाढ १४ टक्क्यांची, १.३ चे दीडाच्या जवळ जाते. खोक्यावरचा आकडा खरा आहे, पण बसणाऱ्याला जाणवतो तो हा दुसरा. आणि एक कोडे विद्यार्थ्यांना जरूर घालावे. कडक स्प्रिंग कमी दबते. ३० टक्के कडक स्प्रिंग १४.७ ऐवजी ११.३ सेंटिमीटरच दबेल, म्हणजे गाडी जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर वर उचलली जायला हवी. मग ती साडेतीन सेंटिमीटर खाली कशी बसते? उत्तर एकच: मोकळी स्प्रिंग मुळात सुमारे सात सेंटिमीटर आखूड केलेली आहे. काही गॅरेजांत नवी स्प्रिंग न घेता जुनीचाच एखादा वेढा कापून टाकतात. स्प्रिंगेचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. काम करणाऱ्या सहा वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. तिचे कापलेले टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही ही वेगळीच आफत.

तिसरे विधान मात्र साफ चूक आहे आणि ते सगळीकडे ऐकू येते. वळणावर गाडी कलते ती वजन बाहेरच्या चाकांवर गेल्यामुळे, हे खरे. म्हणून कलणे थांबवले की वजन जाणेही थांबेल, असे वाटते. पण आघूर्णाचे समीकरण मांडून पाहा. बाहेरच्या चाकांवर सरकणारा एकूण भार ठरतो तो गाडीच्या वस्तुमानावर, वळणाच्या त्वरणावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतरावर. समीकरणात स्प्रिंगेला जागाच नाही. अकराशे किलोची गाडी, गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्या त्वरणाने वळते आहे, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच, चाकांमधील अंतर १.४६ मीटर: सरकणारा भार सुमारे २०७ किलोचा. गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली आणली तर तो सुमारे ६ टक्क्यांनी घटतो, एवढाच काय तो खरा लाभ. स्प्रिंग दगडाइतकी कडक केली तरी उरलेला भार जातोच. फक्त चालकाला तो जाताना दिसत नाही. (कलण्यामुळे गुरुत्वमध्यही किंचित बाजूला सरकतो, पण तो परिणाम लहान असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत भाराची वाटणी कशी व्हावी हे स्प्रिंगा ठरवतात आणि तेही महत्त्वाचे आहे. पण खोक्यावर ते लिहिलेले नाही.) गाडी कलणे ही चालकाला मिळणारी सूचना असते. ती सूचना काढून घेतली आणि तिला सुरक्षितता असे नाव दिले, अशी आमची या विधानावर तक्रार आहे.

‘खाली बसते’ याचा हिशेब आपल्या रस्त्यावर करू. भारतीय रस्ते महासभेच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का हे दहावीच्या विद्यार्थ्याला जीवांच्या प्रमेयावरून तपासता येईल: १.८५ चा वर्ग भागिले ३४, उत्तर १० सेंटिमीटर. असा रुंद गतिरोधक खालच्या गाडीलाही सहज ओलांडता येतो, कारण गाडीची चाके त्याच्या उतारावरच असतात. पण गल्लीतले गतिरोधक मानक वाचून बांधलेले नसतात. हातभर रुंदीचा, दहा सेंटिमीटरचा उंचवटा घ्या. गाडीखालची मोकळी जागा १६५ मिलिमीटर. त्यातून ३५ गेले. चार माणसे बसली, प्रत्येकी ६५ किलो. चारही चाकांवर सारखी वाटली तर नव्या कडक स्प्रिंगेवरही आणखी २५ मिलिमीटर गेले. उरले १०५. म्हणजे उभी गाडी अर्ध्या सेंटिमीटरने सुटते. चालती गाडी उतरताना आणखी दबते, आणि मग तो ओळखीचा खरखर आवाज येतो.

आता दुसरे खोके. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘हेवी ड्यूटी’, त्याखाली ‘गॅस’, त्याखाली एका परदेशाचे नाव आणि ‘टेक्नॉलॉजी’. आकडा एकच, तोही किमतीचा.

इथे थोडे शब्दाविषयी. शॉक ॲब्झॉर्बर हे नावच दिशाभूल करणारे आहे, आणि ‘धक्काशोषक’ असे भाषांतर करून आपण ती चूक मराठीत आणून ठेवली आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. ती दबून ऊर्जा साठवते आणि तेवढीच परत देते. तिच्यावर सोडून दिले तर गाडी खड्ड्यानंतर दहा-पंधरा वेळा झुलत राहील. शॉकअपचे काम ती परत येणारी ऊर्जा खाऊन टाकण्याचे आहे. आतला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून पिळून निघते, आणि दोलनाची ऊर्जा उष्णता होऊन नळीच्या बाहेर जाते. खडबडीत रस्त्यावर लांब प्रवास झाल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळे. त्याला दोलनशामक म्हटले तर अर्थ तरी बरोबर होईल. ब्रिटिश इंग्रजीत त्याला डॅम्पर म्हणतात ते अधिक शहाणपणाचे आहे. ‘गॅस’ या शब्दामुळे अनेकांना वाटते की आत हवेची उशी आहे आणि त्यामुळे बसायला मऊ लागते. खरे कारण निराळे. जोराने मागेपुढे होणाऱ्या तेलात दाब एकदम उतरला की बुडबुडे येतात, तेलाचा फेस होतो आणि फेसाला रोध करता येत नाही. ते टाळण्यासाठी तेलाला नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवतात. वायूचे काम तेल तेलासारखे राखण्याचे आहे.

जुन्या टांग्यांना शॉकअप नव्हते, तरी ते अखंड झुलत बसत नसत. त्यांच्या कमानींतले पोलादी पाटे एकमेकांवर घासत आणि ते घर्षणच शामकाचे काम करी. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे वेढ्यांच्या स्प्रिंगा होत्या, मागे पाटेच. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. गाडी भाराने बसू नये म्हणून मागे एक पाटा वाढवून घेण्याची रीत टॅक्सी-टेंपोवाल्यांत सर्रास होती. ‘हेवी ड्यूटी’ची देशी आवृत्ती तीच. भार असताना ती उपयोगीही होती. रिकाम्या गाडीत मागे बसलेल्यांची हाडे मात्र खिळखिळी होत. वेगळा शॉकअप आपल्याकडे बनू लागला तो ठाण्याच्या अगदी शेजारी: १९६१ साली अमेरिकन सहकार्याने निघालेल्या गॅब्रिएल इंडियाचा पहिला कारखाना मुलुंडला होता. असो.

शॉकअप कसा निवडायचा? त्यासाठी दोन आकडे लागतात. दट्ट्या ठरावीक वेगाने, उदाहरणार्थ सेकंदाला ०.३ मीटरने, आत ढकलला तर किती न्यूटन रोध होतो, आणि त्याच वेगाने बाहेर ओढला तर किती. बाहेर ओढतानाचा रोध मुद्दाम जास्त, बहुधा दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो. चाक उंचवट्यावर चढताना शॉकअप फार ताठ असेल तर धक्का सरळ गाडीत येईल. उलट दबलेली स्प्रिंग सुटताना तिला आवरायलाच हवे. हे आकडे उत्पादकाकडे असतातच. प्रत्येक प्रकार यंत्रावर ताणून-दाबून मोजल्याशिवाय कारखान्याबाहेर पडत नाही. मग ते खोक्यावर का नाहीत? विजेच्या बल्बवर वॅट छापतात, औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम छापतात. ज्याच्यावर चार माणसांचा जीव अवलंबून आहे त्या नळीवर ‘हेवी ड्यूटी’ एवढेच छापून भागते. आम्ही दुकानदारांना विचारले, याचा रोध किती? ते बिचारे अनुभवी गृहस्थ, त्यांनी दट्ट्या हाताने दाबून दाखवला आणि म्हणाले, "साहेब, बघा किती कडक आहे." हाताने दाबताना वेग असतो सेकंदाला काही सेंटिमीटर. खड्ड्याच्या कडेवर चाक सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून अधिक वेगाने उसळते. त्या वेगाला आत वेगळ्याच झडपा उघडतात. हाताने कडक लागणारा शॉकअप तिथे कसा वागेल हे हाताला कळणे शक्य नाही.

गॅरेजमधली प्रसिद्ध चाचणीही अशीच अर्धी उपयोगी आहे. बॉनेटचा कोपरा दाबायचा, सोडायचा आणि गाडी किती वेळा झुलते ते मोजायचे. हा दोलनांच्या धड्यातला चांगला प्रयोग आहे हे खरे. क्रांतिक अवमंदन म्हणजे दोलन व्हायच्या आतच वस्तू जागेवर येऊन थांबावी इतका रोध. चांगल्या मोटारीत त्याच्या सुमारे ३० टक्के रोध असतो. तेवढा असेल तर एका पूर्ण दोलनानंतर मूळ आयामाचा सातवा हिस्सा उरतो, म्हणजे डोळ्यांना गाडी एकदाच वर येऊन थांबल्यासारखी दिसते. रोध १० टक्क्यांवर आला तर निम्म्याहून अधिक आयाम उरतो आणि गाडी तीन-चारदा झुलते. पण या चाचणीत शॉकअपचा वेग सेकंदाला पाव मीटरपेक्षा जास्त होत नाही, शिवाय जुन्या बुशांचे आणि नळीच्या कडांचे घर्षण दोलन लवकर थांबवते. मेलेला शॉकअप या चाचणीत सापडतो, थकलेला निसटतो. तेल न गळताही शॉकअप थकतो, कारण आतल्या झडपांच्या पातळ चकत्या आणि दट्ट्याच्या कडा झिजतात. भाच्याच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे आणि ते दोन्ही खोकी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. क्रांतिक रोध हा स्प्रिंगेवरच अवलंबून असतो. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की क्रांतिक रोध १४ टक्क्यांनी वाढतो. शॉकअप तोच राहिला, तर मूळचे ३० टक्के अवमंदन २६ टक्क्यांवर येते. म्हणजे काहीही न झिजता, केवळ शेजारी बदलल्यामुळे शॉकअप कमजोर ठरला. त्यात तो साठ हजार किलोमीटरमध्ये एकतृतीयांश थकलेला असेल तर उरतात १७-१८ टक्के. एका दोलनानंतर आता सातवा नव्हे, तिसरा हिस्सा उरतो. बाहेरून गाडी ताठ, चपळ, खालची दिसते. आतून ती पूर्वीपेक्षा अधिक झुलणारी झालेली असते.

आणि हे झाले गाडीच्या अंगाचे दोलन. चाकाचे स्वतःचे एक दोलन असते. चाक, ब्रेक वगैरे मिळून ३५ किलो धरा. ते खालच्या टायरच्या आणि वरच्या स्प्रिंगेच्या मध्ये अडकलेले. टायर हीही एक स्प्रिंगच, फार कडक, मीटरला सुमारे दोन लाख न्यूटनची. गणित केले तर चाकाची वारंवारता येते साडेबारा हर्ट्झच्या आसपास. समजा रस्त्यावर आडव्या पट्ट्या ८० सेंटिमीटर अंतराने आहेत आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला दहा मीटरने येते आहे. सेकंदाला साडेबारा ठोके! हे अनुस्पंदन. आता चाकाला आवरणारा फक्त शॉकअप. नव्या शॉकअपमध्ये चाकाची उसळी रस्त्याच्या हालचालीच्या साधारण दुप्पट होईल, थकलेल्यात जवळजवळ तिप्पट. उभ्या गाडीत टायर भाराखाली सुमारे १.६ सेंटिमीटर दबलेला असतो. चाक त्याहून अधिक वर उसळले की टायर आणि रस्ता यांचा संबंध तुटतो, अगदी क्षणभरच, पण सेकंदाला बारा वेळा. अधांतरी चाकावर ब्रेक लागला की ते लगेच अडकते. ब्रेकमधली आधुनिक यंत्रणा ते ओळखते आणि चाक सुटावे म्हणून ब्रेक सैल करते. यंत्रणा तिचे काम चोख करते आणि गाडी थांबत नाही. घोडबंदर रस्त्यावर पेडल थरथरले त्याचे स्पष्टीकरण आम्ही असे करतो.

‘परफॉर्मन्स’ या शब्दाबद्दलही बोलायला हवे, कारण तो स्प्रिंगांच्या आणि शॉकअपच्या दोन्ही खोक्यांवर आहे. पोलोचेच उदाहरण पाहा. भारतात २०१० पासून पोलोच्या शर्यतीच्या गाड्यांची चषक स्पर्धा सुरू झाली. त्या गाड्या खाली बसवलेल्या, ताठ, कारण त्या धावतात गुळगुळीत धावपट्टीवर. त्याच पोलोच्या नावाने बनलेल्या रॅलीच्या गाडीने २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षे जागतिक रॅली विजेतेपद मिळवले. खडी-मातीच्या रॅलीत हीच गाडी उंच असते, तिच्या चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव असतो आणि खर्चाचा मोठा हिस्सा शॉकअपवर गेलेला असतो. दोन्ही परफॉर्मन्सच. टेंभी नाक्यावरून निघून पेव्हर ब्लॉक, गतिरोधक, उड्डाणपुलाचे सांधे आणि जुलैतले खड्डे ओलांडत घोडबंदरला पोहोचणारी गाडी या दोघींपैकी कोणाची बहीण आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको. बाजार मात्र धावपट्टीवरची गाडी विकतो, कारण ती उभी असताना छायाचित्रात छान दिसते.

एवढे बारीक जुळवायचे असते हे मोटार अभियंत्यांना फार पूर्वी कळले होते. मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत वजने सरकवता येणारी एक चाचणी-गाडी तयार केली आणि माणसांना तीत बसवून विचारले, आता कसे वाटते? त्यातून त्याला दिसले की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोड्या अधिक वारंवारतेची असावी. मागचे चाक उंचवट्यावर उशिरा चढते. ते थोडे भराभर झुलले तर पुढच्याला गाठते आणि गाडी बैलासारखी मान हलवत राहत नाही. ‘पैसे कमी असतील तर आधी पुढच्याच दोन स्प्रिंगा टाका’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे ऐकलेले नसते. कायद्याचेही तसेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. स्प्रिंगांच्या खोक्यावर याचा शब्द नाही.

दोष खोक्यांचाच आहे असे म्हणून आम्हा शिकवणाऱ्यांना सुटता येणार नाही. आपल्या पुस्तकांत स्प्रिंग वस्तुमानरहित असते, टेबल घर्षणरहित असते आणि अवमंदन धड्याच्या अखेरीस, परीक्षेच्या घाईत येते. विद्यार्थी अशी समजूत घेऊन बाहेर पडतो की खरे दोलन ते न थांबणारे आणि रोध हा त्यातला दोष. शॉकअप बनवणाऱ्याला नेमके उलटे वाटते. हे वर्गात दाखवायला फारसे काही लागत नाही. एक स्प्रिंग टांगा, तिला वजन लावा, वजनाखाली तारेने पत्र्याची चकती लोंबवा. स्प्रिंग किती ताणली ते मोजा आणि तेवढ्याच लांबीचा लंबक शेजारी झुलवा. दोघे बरोबरीने झुलतात का पाहा. मग चकती बादलीतल्या पाण्यात बुडवून, वजन पाच सेंटिमीटर खाली ओढून सोडा आणि किती दोलनांत आयाम निम्म्यावर येतो ते मोजा. आता पाणी, चकती, वजन तेच ठेवून तशीच दुसरी स्प्रिंग पहिलीच्या शेजारी जोडा. कडकपणा दुप्पट झाला. बहुतेक विद्यार्थी म्हणतील की ताठ झाल्यामुळे वजन लवकर थांबेल. त्यांना आधी लिहून ठेवायला सांगा, मग मोजू द्या. (पाण्यातला रोध वेगाच्या वर्गाच्या जवळपास वाढतो, त्यामुळे आकडे सूत्राशी तंतोतंत जुळणार नाहीत. जाड तेल घेतले तर अधिक जुळतील.) ज्यांच्या शाळेत चालणारा फोन आहे त्यांनी आखेन विद्यापीठाचे फायफॉक्स हे मोफत साधन वापरावे, फोनमधल्या त्वरणमापकाचा आलेख ते थेट देते.

तिसऱ्या खोक्याबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. त्यावर ‘ओरिजिनल’ हा शब्द आहे आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग चुकले आहे. रबराचा कठीणपणा आणि बनवल्याची तारीख, या दोन्ही गोष्टी हव्या होत्या. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते आणि चिरते.

भाच्याने अखेर माळ्यावर ठेवलेल्या मूळ स्प्रिंगा परत बसवल्या आणि मूळ तपशिलाचे चार नवे शॉकअप घेतले. बदलाच्या आधी आणि नंतर आम्ही डॅशबोर्डवर फोन चिकटवून, बॉनेट दाबून आलेख घेतले. आधी दीड हर्ट्झ आणि दुसरी उसळी पहिलीच्या तिसऱ्या हिश्शाची, नंतर १.३ हर्ट्झ आणि दुसरी उसळी जेमतेम ओळखू येईल इतकी. "गाडी जरा मऊ झाली, मामा," असे तो थोडा हिरमुसून म्हणाला. त्या पट्ट्यांवर मात्र ती आता सरळ थांबते. आम्ही मागे कोणी नसताना तीनदा करून पाहिले. मागचे डावे चाक अजून कुरकुरते. तिथला बुश बदलायचा आहे, आणि त्यासाठी तारीख छापलेले खोके शोधणे चालू आहे.